आधी मॅच कधी आहे ते नीट छापा, मग प्रेक्षक मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं ते 'रिकाम्या खुर्च्या' वाचलं. दोनदा वाचलं. बडोदेकरांना म्हणे फुटबॉलचं वेड नाही, क्रिकेट सोडून इथे कुणी मान वर करून बघत नाही, शहराच्या नावाची टीम आहे पण टाळ्या वाजवायला चार माणसं नाहीत, वगैरे वगैरे. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, बरंच केलंत.

अहो पण टीम खेळते कुठे? गुजरात सुपर लीगमध्ये वडोदरा वॉरियर्स आहे, मान्य. 2024 च्या मे महिन्यात लीग सुरू झाली तेव्हा आम्ही पण खुश झालो होतो की चला, बडोद्याच्या नावाने आता कुणीतरी शिट्ट्या मारेल. पण सगळ्या मॅचेस अहमदाबादला, कांकरियाच्या स्टेडियममध्ये. त्याचं नावच मुळी एका अरीना, आणि खरंच सहाही टीम त्या एका अरीनात. 2025 ला पण तेच. सुरतवाले तिथेच, सौराष्ट्रवाले तिथेच, आणि उरलेल्या टीम कोण तर अहमदाबाद अव्हेंजर्स, कर्णावती नाइट्स आणि गांधीनगर जायंट्स, म्हणजे साबरमतीच्या काठावरच तीन झाल्या (कर्णावती म्हणजे अहमदाबादच, हे आपल्या रिपोर्टरला माहीत असेल अशी आशा आहे). सीझन म्हणायचा तर पहिल्या वर्षी पंधरवडा पण भरला नाही, आमच्या घरी केसरची पेटी आली ती संपायच्या आत चॅम्पियन ठरले होते. आता दांडिया बाजारातल्या माणसाने शंभर किलोमीटर जाऊन टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असेल तर तसं सरळ लिहा ना, वेड नाही कशाला म्हणता.

आणि मी गेलो होतो, तेच सांगायला हे पत्र लिहितोय.

माझा भाचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणून खेळतो. जिल्ह्याच्या लीगमध्ये, कुणी पगार देत नाही, मॅच झाली की समोसे आणि रिक्षाचं भाडं, ते पण जिंकले तर हसत देतात. दिवसा तो कुरिअरचं काम करतो. त्या मे महिन्यात आपल्याच पेपरात बडोद्याच्या पानावर चौकट आली होती, वडोदराची मॅच अमुक वारी, अमुक वाजता. भाच्याने कात्रण कापून फ्रिजवर लावलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आदल्या रात्री ताईची जुनी पांढरी चादर घेऊन निळ्या रंगाने बॅनर लिहायला बसला. त्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं 'बडोदा' लिही, तो म्हणे मामा तिथे कुणाला कळणार नाही, 'वडोदरा' लिहितो. शेवटी एका बाजूला बडोदा, दुसऱ्या बाजूला वडोदरा असं ठरलं, आणि चादर इतकी झिरझिरीत की रंग आरपार उतरला, सकाळी बघतो तर दोन्ही बाजूंनी काहीच वाचता येत नव्हतं. तरी घेतली बरोबर. ताईने ठेपले आणि लीलो चेवडो (आपला बडोद्याचा ओलसर चिवडा) दिला होता, आम्ही चौघं जनरलच्या डब्यात उभ्याने मणिनगरला उतरलो, तिथून उन्हात चालत.

गेटवरचा माणूस चादरीकडे बघून म्हणाला, "काका, आजे तो अमदावाद ने कर्णावती छे. वडोदरानी तो गई काले पती गई."

काल संपली! आज कोण, तर अहमदाबाद विरुद्ध अहमदाबाद.

भाचा आधी हसला, मग गप्प झाला. परत जायला गाडी पण लगेच नव्हती म्हणून आम्ही आत जाऊन बसलो, चादर चार घड्या करून बुडाखाली, कारण खुर्च्या तापल्या होत्या. कुणाच्या बाजूने ओरडायचं तेच कळेना. भाच्याने पूर्ण मॅचभर फक्त एका टीमचा लेफ्ट बॅक बघितला, बॉल कुठेही असो. "मामा, हा बघ, बॉल आपल्याकडे आला की आत सरकतो, लाइन सोडतो, मी असतो तर सर ओरडले असते." घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि सकाळी सातला त्याची ड्यूटी.

दुसऱ्या दिवशी मी आपल्याला पत्र टाकलं. साधं, तक्रार पण नव्हती, एवढंच की वार चुकला होता, दुरुस्ती छापा म्हणजे पुढच्या मॅचला तरी लोक फसणार नाहीत. छापलं नाहीत. उत्तर नाही. ते कात्रण ताईच्या फ्रिजवर मात्र अजून आहे, भाचा काढू देत नाही. आणि आता तुम्हीच खुर्च्या मोजायला निघालात. त्या रिकाम्या खुर्च्यांतल्या चार आमच्या होत्या, आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो होतो!

2019 च्या जुलैमध्ये याच स्टेडियमवर इंटरकॉन्टिनेंटल कपला भारत-ताजिकिस्तान बघायला आम्ही गेलो होतो. हाफ टाइमपर्यंत छेत्रीचे दोन गोल, आम्ही उड्या मारतोय, आणि नंतर चार खाल्ले, 4-2 ने हरलो. ते चाललं. निदान जी मॅच बघायला गेलो तीच समोर होती.

आता वेडाचं. माझी आत्या कोल्हापूरला मंगळवार पेठेत दिलेली, लहानपणी सुट्टीत जायचो. तिथल्या टीमची नावंच बघा, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, फ्रँचायझी बिझी काही नाही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ दुपारपासून तिकडे, दुकानदार पोराला गल्ल्यावर बसवून जायचा. आत्याने जन्मात मॅच बघितली नाही पण आरडाओरड ऐकून पोळ्या लाटता लाटता सांगायची, गोल झाला, आपला नाही झाला. 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्या गावातूनच आला. हिवाळ्यात लीग सुरू झाली की मग नॉकआउट स्पर्धा पार उन्हाळ्यापर्यंत. आणि तिथले पेपर! कुणी कुणाला पास दिला, कुणाचा फटका पोस्टला लागून परत आला, सगळं छापतात. वेड काय आभाळातून पडतं का हो, रोज सकाळी चहाबरोबर वाचायला मिळालं तर लागतं. तालमी काय बडोद्यात नव्हत्या? माणिकरावांचा आखाडा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

क्रिकेटवर माझा राग नाही, हार्दिक आपलाच पोरगा आहे, 2024 च्या जुलैत वर्ल्ड कप जिंकून आल्यावर त्याची उघड्या बसमधून मिरवणूक निघाली तेव्हा मी पण गर्दीत होतो, एक चप्पल तिथेच राहिली. आपण त्या दिवशी रस्ता, वेळ, वळणं, पार्किंग सगळं बिनचूक छापलं होतं. म्हणजे येतं, छापता येतं आपल्याला.

आणि विषय निघालाच आहे तर ग्राऊंडचं पण लिहा कधीतरी. भाचा ज्या ग्राऊंडवर प्रॅक्टिस करतो (नाव लिहीत नाही, उगाच पोरांना बाहेर काढतील) ते लग्नसराईत पार्टीला देतात. मंडप उतरला की खुंट्यांच्या जागी वीत वीत खोल खड्डे, कॉर्नरच्या बाजूला तर चाळणी झालीय. पोरं आधी अर्धा तास पेपर डिश, टूथपिक आणि सुतळीचे तुकडे वेचतात आणि मग बॉल काढतात. मागच्या महिन्यात गवतात राहिलेला एक लोखंडी खुंटा गोलकीपरच्या मांडीला लागला, सहा टाके. नवरात्रात गरबा, तेव्हा तर विचारूच नका, पण गरब्याला मी काही बोलणार नाही, बायको हे पत्र वाचणार आहे.

आपल्या लेखकमहाशयांना खरंच बडोद्याचे प्रेक्षक बघायचे असतील तर भाच्याच्या पुढच्या मॅचला या. ओट्यावर वीसेक माणसं नक्की भेटतील, त्यात ताई, मी आणि ती चादर. तारीख अजून ठरली नाही, मुहूर्ताच्या लग्नांची बुकिंग बघून ग्राऊंडवाले सांगणार आहेत. कळली की कळवतो, वार जरा दोनदा तपासून छापा.

आपला
(अजून तरी) नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदा