भीमबेटकाचा ‘आद्य प्राणी’ आणि आग्यामोहोळ

संपादक महोदय,
मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया या आद्य प्राण्याचा सुमारे ५५ कोटी वर्षे जुना जीवाश्म सापडल्याची बातमी २०२१ मध्ये ठिकठिकाणी ठळक छापून आली. पुढे तिचे काय झाले, हे मात्र निदान माझ्या पाहण्यात फारसे कुठे आले नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक जोसेफ मीर्ट यांच्या चमूने जागेवर जाऊन पाहिले, तेव्हा तो ‘जीवाश्म’ चक्क खडकावरून सोलून निघत होता! दगडात उमटलेला ठसा दोन-तीन वर्षांत असा कसा झडेल? जवळून पाहता मेणाचे अवशेष आणि पोळ्याची घरे दिसली. ते होते जुने, वाळलेले आग्यामोहोळ. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मूळ दावा करणारे ग्रेगरी रिटॅलक यांनीही चूक मान्य केली. त्यांचे कौतुकच करायला हवे. या दाव्यामुळे तिथले विंध्य खडकही डिकिन्सोनियाच्याच काळातले धरले जाऊन त्यांचे वय कित्येक कोटी वर्षांनी अलीकडे ओढले गेले होते, तेही पूर्ववत झाले.

डिकिन्सोनिया मात्र खोटा नाही. रशियातील श्वेत समुद्राकाठच्या ५५.८ कोटी वर्षांपूर्वीच्या नमुन्यांत २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलचे, म्हणजे प्राण्यांची खूण असलेल्या मेदाचे, अंश मिळाले आणि तो बुरशी किंवा शेवाळ नसून प्राणीच, हे ठरले. आपल्या विज्ञान पानावर भीमबेटकाची ही दुसरी बाजूही सविस्तर यावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक