गोदावरी समुद्रात गेल्यावर

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की गोदावरीचं एवढं पाणी समुद्रात जाऊन वाया जातं, ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. मराठवाड्याची तहान मलाही दिसते रे, पण वाया जातं हे मला अजिबात पटत नाही.

अरे, नदी मुखाशी संपतच नाही! बंगालच्या उपसागरात एकट्या गंगा-ब्रह्मपुत्रेचंच वर्षाला साधारण १००० घन किलोमीटर पाणी येतं, बहुतेक पावसाळ्यात, वर महानदी, गोदावरी, कृष्णा आहेतच. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं, किनाऱ्यालगत समुद्राची पातळी जराशी चढते, मग ते पाणी बाहेर पसरायला बघतं पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतं, आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावर उजवीकडे म्हणजे दक्षिणेला. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह मुळात वाऱ्यांमुळे, ऑक्टोबरनंतर तो दक्षिणेकडे वाहतो, पण नद्यांचं पाणी त्याला आणखी जोर देतं.

आणि हे शोधलं कसं माहितीये? किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी वर्षानुवर्षं ठरावीक ठिकाणी पाण्याचे नमुने भरले, गोव्याच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्यातला खारटपणा मोजला. २०१४ साली छापून आलं की किनाऱ्याला चिकटून जेमतेम १०० किलोमीटर रुंदीचा कमी खारट पट्टा, म्हणजे समुद्रातली नदीच, उत्तरेकडून निघून साधारण अडीच महिन्यांत भारताच्या दक्षिण टोकाला पोचतो. मला तर हे वाचून अंगावर काटा आला.

पुढे त्यातलं काही श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरतं, हिवाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या बाजूने वर सरकतं. तिथे वरचा हलका थर खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तो भाग चांगलाच तापतो, आणि मान्सूनच्या आगमनाशी त्याचा संबंध असावा असं काही शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे जे पाणी आपण वाया म्हणतो त्याचाच पुढच्या पावसात हात असू शकतो, बघ.

तू म्हणशील नाशिकचं पाणी जायकवाडीतच अडतं. बरोबर, गोदेला खरं पाणी खाली प्राणहिता आणि इंद्रावती देतात, पण प्राणहितेत वर्धा-वैनगंगाच आहेत ना, आपल्या विदर्भातल्या!

काका-काकूंना नमस्कार सांग. आणि गंगापूर धरणातून सध्या किती विसर्ग चालू आहे तेवढं कळव.

तुझा,
अव्या