सुन्यास, बोअरच्या निमित्ताने

खानापूर,
१० मे

प्रिय सुन्या,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर धाडलं नाही, त्याच्या शिव्या फोनवर घाल. आईचा गुडघा तसाच, माझी साखर गोळीवर. झालं. लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने. गुरुवारी वरच्या शेतात बोअर मारली. पाणी लागलं नाही, आणि मला आनंद झाला. हे घरात कुणापुढे बोलायची सोय नाही, म्हणून तुला.

आधी जांभा, मग आपला नेहमीचा काळा ट्रॅप, दख्खनचा थिजलेला लाव्हा. धुरळा सगळा माझ्या शर्टावर. रिगवाली पोरं तमिळ, एजंट कानडी, आप्पा मराठीत ओरडतायत, आणि सगळ्यांना सगळं कळतंय. दीडशे फुटांच्या पुढे भुकटी एकदम लाल झाली, ओलसर. एक पोरगा नाचायलाच लागला. दादा नारळ फोडायला निघाला. मी चिमूटभर उचलून बोटांत चोळली, तर चिकण! दोन हात लाल माती, आणि तीही संपली. मग पाइपातून पांढरट-गुलाबी पूड उडायला लागली. पुतण्याला पळवत घरून भिंग आणवलं. धुरकट क्वार्ट्झ, गुलाबी फेल्डस्पार, मधे बायोटाइटचे, म्हणजे काळ्या अभ्रकाचे चमकते पापुद्रे. सुन्या, वर ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, खाली निदान २५० कोटींचा दगड, आणि मधला सगळा काळ त्या दोन हात मातीत. इथे ट्रॅप पातळ होत होत संपतो हे वर्गात घोकलं होतं, पण आमच्याच बांधावर? मी हसत होतो आणि दादा माझ्याकडे बघत होता. त्याची नजर तुला ठाऊक आहे.

रात्री आप्पांना समजावत होतो की हा दगड मामुली नाही, हाच खंडाचा पाया. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतली तेव्हा ३३८ मीटर काळा दगड फोडल्यावर असलाच जुना खडक लागला, कोयनेच्या रासाटीला ९३३ मीटरवर. आप्पा शांतपणे म्हणाले, "म्हणजे महाराष्ट्रातबी पाणी नाही म्हण की."

आता खरी गोष्ट. सोसायटीत आईचं सोनं ठेवून पैसे काढलेत, निम्मे गेले. दादा म्हणतो, आहे त्याच भोकात आणखी तीनशे फूट जाऊ. पाणाडी म्हणतो, पाचशेवर झरा आहे (त्याचा नारळ आमच्या तीन भाऊबंदांच्या शेतात उभा राहिलाय, तिन्ही बोअरी कोरड्या). आणि आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "तू ह्यातलं शिकलायस, तू सांग." मास्तर झाल्यापासून 'दगडाचा मास्तर' म्हणून चेष्टा करणारा माणूस! मला झोप नाही.

असल्या दगडात पाणी वरच्या कुजलेल्या थरात नाहीतर भेगांत, आणि खाली जाल तशा भेगा मिटत जातात. तेव्हा दादाचं ऐकू नये. पण शेजारच्या पाटलांना चारशेवर भेग लागली, आज दीड इंच पाणी पडतंय. मी "थांबा" म्हणालो आणि खाली असलंच, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. "मारा" म्हणालो आणि कोरडं गेलं, तर आईचं सोनं गेलं. भिंग लावून हे दिसत नाही रे.

म्हणून मला रामदुर्ग आठवलं. धारवाडचे शिस्ट, ते दाबून पापुद्र्यांचे झालेले जुने खडक, उभे, त्यांची डोकी छाटलेली, आणि वर कलादगीचे क्वार्ट्झाइट, म्हणजे घट्ट झालेली वाळू, आडवे झोपलेले. तिथे उन्हात उभं राहून तू आणि मी जेवणाचा डबा विसरून भांडलो. त्या शिस्टचे डोंगर उभे राहिले आणि झिजून सपाट झाले, त्यानंतरच वर वाळू साठली, एवढ्यावर एकमत. उभे केले कुणी, यावर मात्र तू हिमालय आणलास. खंडं आपटली, कवचाचं एक तबक दुसऱ्याखाली गेलं, म्हणे. मी म्हणालो, त्याहून जुन्या खडकांचं बघ, ३३० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचं पोट एवढं तापलेलं होतं की कवच मऊ होतं. ओला बेसाल्ट, म्हणजे काळा लाव्हा, खोलवर वितळून हलका नाइस, हा पट्ट्यांचा फिकट दगड, घुमटासारखा वर आला आणि जड लाव्हे त्या घुमटांच्या मधे बुडत गेले, चिखलात दगड रुतावा तसे. दक्षिण कर्नाटकात होळेनरसीपूरकडचे घुमट बघ म्हणालो, तर तू म्हणालास, "नकाशावर सगळंच गोल दिसतं." अजून राग आहे मला त्याचा. मात्र २५० कोटींच्या आसपासचं तुझं मानतो. धारवाडच्या जुन्या खंडाचे पूर्व आणि पश्चिम तुकडे तेव्हा एकमेकांवर रेटले गेले असतील, कर्नाटकातला क्लोजपेटचा गुलाबी ग्रॅनाइटही त्याच सुमारास घुसला, ठीक. ३३० कोटींचं मुळीच नाही.

हे भांडण आज उकरतोय, कारण आप्पांचे उरलेले पैसे त्याच्यावर आहेत. माझा दगड जुना पट्ट्यापट्ट्यांचा नाइस असेल, तर त्याच्या भेगा बहुतेक त्या जुन्या डोंगरांच्या रेषेत, उत्तर-वायव्येला धावतील. खालच्या नाल्यात असलाच दगड उघडा पडलाय, तिथे कंपास लावला तर बहुतेक भेगा तशाच. मग आहे ते भोक सोडून नाल्याच्या रेषेवर नवी बोअर घ्यावी, दोनशे फुटांत निकाल. पण हा नंतर घुसलेला सलग ग्रॅनाइट असेल, तर एकही फूट मारू नये. भुकटीत पट्टे दिसत नाहीत. फेल्डस्पार गुलाबी आहे तेवढ्यानेच माझ्या पोटात गोळा आलाय.

दोन पुड्या कुरियर केल्यात. एक दोनशे फुटांवरची, दुसरी तळाची, तीत नखाएवढे तुकडेही आहेत. तुमच्याकडच्या मायक्रोस्कोपखाली बघ. कण एका दिशेत ताणलेले दिसतात का, म्हणजे नाइस आहे का, एवढंच सांग. पोटॅशवाला फेल्डस्पार किती हेही. वय काढत बसू नकोस, त्यासाठी झिरकॉनचे कण तपासायचे पैसे आप्पा देणार नाहीत.

सईच्या ॲडमिशनचं काय झालं? नव्या फ्लॅटला पाणी टँकरनेच येतं म्हणे, तेव्हा तू मला फार शिकवू नकोस. वहिनींना नमस्कार.

रिगवाला बिडी गावाकडे गेलाय, सोमवारी परत ह्याच रस्त्याने येणार. त्याच्या आत फोन कर, सातनंतर. दादा उचलला तर बोअरचं काढू नकोस, लग्नाचं काहीतरी बोल आणि मला द्यायला सांग.

तुझा,
बाळ्या