उचलण्याआधी मान धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, बाचीच्या अलीकडे, रात्री साडेनऊच्या सुमाराला एक मोटारसायकलवाला घसरून पडला. आम्ही पाच-सहा जण धावलो. एकाने त्याच्या तोंडात पाणी घातलं. दोघांनी काखेत हात घातले, मी पाय धरले आणि भाजीच्या पिकअपमध्ये, रिकाम्या क्रेटना टेकवून त्याला ठेवलं. मान लोंबकळत होती, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ‘उचलताना मान कुणी धरली होती?’ आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. पोरगा वाचला, पण उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. हे पडताना झालं की आम्ही उचलताना, देव जाणे.

अँब्युलन्ससाठी 108 ला फोन केला होता. मोबाईलने शिनोळीकडचा टॉवर पकडला आणि फोन उचलला गेला पलीकडच्या राज्यात, महाराष्ट्रात. गाव कुठलं, तालुका कुठला हे सांगता सांगता धीर सुटला तो आमचाच.

आंध्रात ही सेवा 2005 साली आली. आपल्याकडे कर्नाटकात ‘आरोग्य कवच’ नावाने 1 नोव्हेंबर 2008 ला (तारीख आपण सीमाभागातले मराठी लोक विसरणं शक्यच नाही, काळ्या दिनाची), महाराष्ट्रात 2014 ला. गाड्या आल्या हे खरं. पण गाडी येईपर्यंत जखमी माणूस आमच्यासारख्यांच्याच हाती असतो. आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जिथे पावसाळ्यात रस्ताच उरत नाही, तिथे तर पेशंटला कांबळ्याच्या डोलीतून आणावं लागतं. त्या खांदेकऱ्यांना कधी कुणी काही शिकवलंय का?

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये 1967 च्या आधी बऱ्याचदा पोलिसांच्या व्हॅनमधूनच पेशंट नेत. आमच्या पिकअपसारखंच म्हणा. तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतली पोरं, बरीचशी बेकार, काहींचं शिक्षण अर्धवट. डॉ. पीटर साफर यांनी त्यांना हाताशी धरून ‘फ्रीडम हाऊस’ अँब्युलन्स उभी केली. श्वास मोकळा कसा करायचा, छाती कशी दाबायची, सगळं शिकवलं. पुढे त्यांच्याच धर्तीवर देशभरासाठी अभ्यासक्रम तयार झाला. गल्लीतल्या पोरांना हे जमतं, एवढं मला त्यातून दिसतं.

आपल्याकडे पोरांची काय कमी? गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळं आहेत. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात चाळीस जणांचं प्रशिक्षण सहज होईल. रक्त दाबून कसं थांबवायचं, मान न हलवता कसं उचलायचं, श्वास बंद पडलेल्याची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा कशी दाबायची. आणि फोनवर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव सांगायचं. ‘यावूर?’ (कुठलं गाव?) विचारलं तर गोंधळून न जाता कन्नडमध्ये एक ओळ बोलता यावी, त्यात भाषेच्या अभिमानाचा प्रश्न कुठे येतो? पोलिसांचं झंझट मागे लागेल म्हणून लोक हात लावत नाहीत. पण मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 134 अ आलं. मदत करणाऱ्याला आता नाव सांगायचीही सक्ती नाही. हे मंडळाच्या फलकावर लिहायला काय हरकत आहे?

आमच्या गल्लीतले पंधरा जण तयार आहेत. शाळेची खोली रविवारी मोकळी असते. शिकवणारं कुणी वाचकांपैकी असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपला,
एक वाचक, बेळगाव तालुका