परवा कॉलवर मी खोटं बोलले

हाँगकाँग, 20 नोव्हेंबर 2019

सोन्या,

परवा तू विचारलंस ना, आई तू खोकतेयस का, आणि मी म्हटलं एसीमुळे होतंय, ते खोटं होतं रे. एसी बंदच होता. सरकारविरोधी आंदोलन पांगवायला नेथन रोडवर अश्रुधूर सोडला की खिडक्या लावून एसी बंद करावा लागतो, तरी फटीतून येतोच, मी दाराखाली ओला टॉवेल कोंबून तुझ्याशी गप्पा मारत होते. कॅमेरा भिंतीकडे का होता ते आता कळलं असेल. समोर तुझा चेहरा दिसला की मी आपलं "सगळं नॉर्मल" म्हणून टाकते, म्हणून आज टाइप करतेय.

टीव्हीवर दिसतं तसं चोवीस तास नसतं हेही खरंय. सकाळी उठून आधी फोनवर बघायचं, एमटीआरची, म्हणजे इथल्या मेट्रोची, कुठली स्टेशनं बंद, मग अंघोळ. फुटपाथच्या विटा उखडल्यात त्यामुळे खाली बघत चालायचं. इथल्या सिग्नलला अंध लोकांसाठी टकटक आवाज असतो, पहिल्या वर्षी त्याने मला झोप लागायची नाही, आता कोपऱ्यावरचा सिग्नल फोडलाय तर चुकल्यासारखं वाटतं. पोलिसांचे झेंडे पाठ झालेत, निळा म्हणजे जमाव बेकायदेशीर, काळा म्हणजे अश्रुधूर, नारिंगी म्हणजे पांगा नाहीतर गोळी. काळा दिसला की मी सरळ मागे वळते, भाजी राहिली तर राहिली.

आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना काही करतात का असं आजीने विचारलं होतं. ऑक्टोबरमध्ये मलाही धास्ती होती, आंदोलनातल्या एका नेत्यावर हल्ला झाला आणि हल्लेखोर आपल्याकडच्या वर्णाचे होते अशी बातमी फिरली. 20 तारखेच्या मोर्चाला मी दार लावून घरात बसले, आणि तिकडे आपल्याकडच्या लोकांची दुकानं असलेल्या चुंगकिंग मॅन्शन इमारतीपुढे आपलीच माणसं मोर्चेकऱ्यांना पाणी वाटत होती नि ते टाळ्या वाजवत होते! त्याच दिवशी पोलिसांच्या रंगीत पाण्याच्या तोफेने कौलून मशिदीचं फाटक नि पायऱ्या निळ्याशार झाल्या, दुसऱ्या दिवशी इथल्या सरकारप्रमुख कॅरी लॅम स्वतः माफी मागायला गेल्या.

शाळेचं मात्र अवघड आहे. आंदोलकांनी तोंड झाकू नये म्हणून 5 ऑक्टोबरपासून मास्कबंदी आली, तीसुद्धा 1922 च्या आणीबाणीच्या कायद्याखाली, आणि लगेच वरून विचारणा, मास्क घातलेली मुलं किती ते कळवा. आता सर्दी कुणाला आणि राग कुणाला हे मी कसं मोजू? परवा कोर्टाने ती बंदीच घटनेत बसत नाही म्हणून सांगितलं. स्टाफरूममध्ये कुणी काही बोलत नाही, फेसबुक पोस्टवरून शिक्षकांच्या तक्रारी होतायत, आणि मी तर परदेशी, व्हिसा नोकरीवर. मी फक्त व्याकरण शिकवते. कधीकधी लाज वाटते त्याची.

14 तारखेपासून शाळा बंद होत्या, आज उघडल्या. माझ्या वर्गात खिडकीपाशी एक मुलगा बसतो, तुझ्याच वयाचा, पेन दाताने चावणारा, तोही तुझ्यासारखाच. बंद व्हायच्या आधीही दोन दिवस आला नव्हता. रविवारी आंदोलक आत असलेल्या पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीला पोलिसांनी वेढा घातला, आत शाळकरी मुलंही अडकली. सोमवारी रात्री काही मुख्याध्यापक आत गेले नि अठराच्या आतल्यांना बाहेर घेऊन आले, पोलिसांनी नाव, फोटो घेऊन घरी सोडलं. आपल्या कॉलनंतर मी तेच लाइव्ह बघत बसले होते, प्रत्येक पोराचा चेहरा झूम करून. सगळ्यांची तोंडं झाकलेली, काय दिसणार. पहाटे तीनला झोपले.

आज आला तो. मनगटावर खरचटलेलं, बाही ओढून बसलेला. मी विचारलं नाही. मला माहीत झालं आणि उद्या कुणी मलाच विचारलं तर काय सांगू, एवढाच विचार डोक्यात आला, आणि हे बरोबर केलं की चूक ते तू सांग, तू त्यांच्या वयाचा आहेस. तास संपल्यावर त्याने गेल्या आठवड्याचा निबंध दिला, पूर्ण लिहिलेला, आणि विचारलं, मिस, शुक्रवारची टेस्ट आहे ना. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात घेऊ. तर म्हणाला "का याऊ, मिस", म्हणजे इथल्या भाषेत धीर सोडू नका, आणि गेला.

निबंध अजून बॅगेतच आहे. आता बसते तपासायला.

आई