प्लगइनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये परिणामही लिहावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअरचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसे वापरावे हे सांगणारा मजकूर, हा वाचकांच्या पत्रव्यवहाराचा विषय आहे का, अशी शंका काही वाचकांना येईल. परंतु आज जिल्ह्याजिल्ह्यांतील अनेक साप्ताहिके, दिवाळी अंक, वाचनालये आणि लहान प्रकाशनसंस्था यांची संकेतस्थळे वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात आणि त्यांच्यासाठी प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिहिणारी मंडळी पुष्कळदा नुकतीच महाविद्यालयातून बाहेर पडलेली असतात. त्यांचा सगळा भरवसा अधिकृत डॉक्युमेंटेशनवर असतो. त्या मजकुरात जे राहून गेले असेल त्याचा भुर्दंड काही वर्षांनी या संस्थांना बसतो, म्हणून हे पत्र.

वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय 2004 मधील 1.2 आवृत्तीपासून आहे आणि 2010 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून ‘कस्टम पोस्ट टाइप’ सर्रास वापरात आले. त्यामुळे लेख आणि पान या मूळ प्रकारांपलीकडे जाऊन ‘पुस्तक’, ‘सभासद’, ‘अंक’ असे आपल्या गरजेचे प्रकार ठरवता येतात. डेटा मॉडेल म्हणतात ते हेच. ज्या फंक्शनने (कोडमधील ठरावीक कामाच्या आज्ञेने) हे प्रकार नोंदवले जातात त्याला तीसहून अधिक पर्याय देता येतात आणि संदर्भपानावर त्या प्रत्येकाची नोंद आहे. मात्र कोणता पर्याय पुढे कधीही बदलता येतो आणि कोणता एकदा ठरला की डेटाबेसमध्ये मुरतो, हे त्या यादीवरून समजत नाही. मेनूतील चिन्ह उद्या बदलले तरी काही बिघडत नाही. पोस्ट टाइपचे नाव मात्र डेटाबेसच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीबरोबर साठवले जाते. दोन वर्षांनी नव्या माणसाने कोडमध्ये ते नाव बदलले, तर वाचनालयाच्या हजारो पुस्तकांच्या नोंदी डेटाबेसमध्ये जशाच्या तशा राहतात, पण संकेतस्थळावर किंवा व्यवस्थापकाच्या पडद्यावर त्यांतील एकही दिसत नाही. नाव वीस अक्षरांच्या आत आणि रोमन लिपीतील लहान (लोअरकेस) अक्षरांत असावे, हा नियम जिथे सांगितला आहे, तिथेच ही सूचनाही ठळकपणे यायला हवी.

दुसरे उदाहरण डिफॉल्टचे, म्हणजे आपण काही न सांगितल्यास लागू होणाऱ्या पर्यायाचे, आहे. डिसेंबर 2018 मध्ये 5.0 आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर (मजकूर तुकड्यातुकड्यांनी रचण्याचा नवा पडदा) आला, तरी नव्या पोस्ट टाइपसाठी ‘शो इन रेस्ट’ हा पर्याय मुळात बंदच असतो आणि तो सुरू केल्याशिवाय त्या प्रकारचा मजकूर जुन्याच एडिटरमध्ये उघडतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले आहे, नाही असे नाही. पण यादीच्या मध्यात, इतर नोंदींच्या गर्दीत. शिकणारा माणूस एडिटर का बदलला याचा शोध प्लगइनमध्ये, थीममध्ये, सर्व्हरवर घेत बसतो, कारण हा पर्याय आणि एडिटर यांचा काही संबंध असेल हे पर्यायाच्या नावावरून कोणाच्याही लक्षात येणार नाही.

चांगले लेखन कसे असते याचा नमुनाही याच डॉक्युमेंटेशनमध्ये सापडतो. कस्टम फील्डमधील (नोंदीला जोडलेल्या जादा माहितीच्या रकान्यातील) आकडा मजकूर म्हणून साठवला जातो, त्यामुळे साधी क्रमवारी लावल्यास 1, 3, 34, 4, 56, 6 असा क्रम येऊ शकतो, हे तिथे आकडे देऊन दाखवले आहे. ते सहा आकडे वाचले की पानभर स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. फक्त ही सूचना माहिती शोधण्याच्या पानावर आहे; ती माहिती साठवण्याच्या पानावरही असती तर फील्ड ठरवतानाच ती उपयोगी पडली असती. याउलट, स्वतंत्र तक्ता तयार करणाऱ्या ‘डीबी-डेल्टा’ फंक्शनसाठी ‘प्रायमरी की’ (प्रत्येक नोंदीची ओळख ठरवणारा रकाना) या शब्दांनंतर दोन मोकळ्या जागा सोडाव्यात असा नियम दिला आहे, पण का सोडाव्यात याचा खुलासा त्या नियमाजवळ नाही. कारण न समजता पाळलेला नियम पुढच्या माणसाच्या हातून हमखास मोडतो; कोड नीटनेटका करताना तो जास्तीची जागा खोडूनच टाकणार.

मराठी संकेतस्थळांना थेट भिडणारी एक बाब तर फारच कमी ठिकाणी वाचायला मिळते. लेखाच्या पत्त्यात येणारे नाव डेटाबेसमध्ये 200 चिन्हांच्या रकान्यात साठवले जाते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, आणि काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, तिथे टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांची जागा घेते. म्हणजे जेमतेम बावीस देवनागरी चिन्हांनंतर पत्त्यातले शीर्षक कापले जाते. आपल्याकडील बातमीचे शीर्षक सहज त्याहून मोठे असते, त्यामुळे ‘जिल्हा परिषदेच्या’ अशी सुरुवात असलेल्या बातम्यांचे पत्ते तिसऱ्या शब्दाच्या आसपासच तुटतात आणि पुष्कळदा फक्त अनुक्रमांकाने वेगळे राहतात. इंग्रजी शीर्षकांवर चाचणी घेणाऱ्याला ही अडचण कधी दिसणारच नाही. ती लिहून काढायची तर देवनागरीत रोज काम करणाऱ्यांनीच लिहायला हवी.

सुधारणा का रखडतात यालाही एक व्यावहारिक कारण आहे. फंक्शनची संदर्भपाने मुख्यत्वे मूळ कोडमधील टिपणांवरून आपोआप तयार होतात. त्यामुळे तिथे एक वाक्य घालायचे तरी कोडमधील बदलाचीच प्रक्रिया पाळावी लागते. पानाखाली वापरकर्त्यांना टिपा लिहिता येतात आणि त्यांतील काही मुख्य मजकुराहून उपयुक्त असतात, परंतु तेवढे खाली जाऊन वाचणारे किती? अनुभवी लोकांनी टिपा लिहून थांबू नये. त्यांतील नेमके वाक्य मूळ टिपणात जाईपर्यंत पाठपुरावा करावा. मार्गदर्शिकांचा मजकूर वेगळा लिहिला जातो आणि त्यातील त्रुटींची नोंद गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर करता येते, हा मार्ग त्या मानाने सोपा आहे.

माझी विनंती अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दरसाल तीच ती हजेरीची आणि ग्रंथालयाची सॉफ्टवेअरे नव्याने करून घेण्यापेक्षा, दोन-तीन विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाला एक पोस्ट टाइप, त्याची फील्ड्स आणि एक प्लगइन अधिकृत मजकुराच्याच आधारे उभारायला सांगावे. जिथे जिथे अडखळायला होईल तिथे काय लिहिले असते तर अडले नसते, हे लिहून घ्यावे. आणि स्वीकारली गेलेली दुरुस्ती प्रकल्पाचे काम म्हणून गुणांसाठी धरावी. वर्डकॅम्पला, म्हणजे वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या संमेलनाला, जोडून अनेकदा योगदानाचा दिवस असतो आणि तिथे डॉक्युमेंटेशनचे काम करणारी मंडळी भेटतात, त्यामुळे मार्गदर्शक कुठून आणायचा हा प्रश्नही अवघड नाही. पहिल्या गटाने देवनागरी पत्त्यांची टीप हाती घ्यावी, असे मी सुचवेन.

आपला विश्वासू,
प्लगइन लिहिणारा एक वाचक, पुणे