कुदळ पाठवतेय

लाडक्या लेकीस,

तू पाठवलेले तुझ्या जमिनीचे फोटो मी मोठे करकरून पाहिले. कंबरेएवढं गवत, मध्येच झुडपं, कडेला कुणीतरी टाकलेला राडारोडा. बरीच वर्षं त्या जमिनीकडे कुणी फिरकलेलं नाही. तुझा प्रश्न एवढाच होता, "आई, मशीन लावून एका दिवसात सगळं उलथून टाकू का?" नको गं. का नको ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तिसऱ्या फोटोत खालच्या कोपऱ्यात जमिनीलगत जे पसरलंय, ती हरळी आहे. तिचे धुमारे जमिनीवरून पळतात आणि जमिनीखालूनही. त्यांच्या प्रत्येक पेराला डोळा असतो, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा. मशीनचं पातं गरगर फिरतं आणि त्या धुमाऱ्यांचे बोटबोटभर तुकडे करून मातीत सगळीकडे पेरून देतं. मी हे करून बसलेय. तू तेव्हा फार लहान होतीस. भाड्यानं मशीन आणलं, संध्याकाळपर्यंत जमीन भुसभुशीत, काळीभोर, बघत राहावी अशी. महिन्याभरात तिथे आधीपेक्षा दाट हरळी उभी राहिली आणि ती काढण्यात माझी पुढची दोन वर्षं गेली. कुदळीनं मुळाखालून घाव घालता येतो, ढेकूळ उलटतं, आणि धुमारा हाताला लांबच्या लांब लागतो. ओढला की दोरीसारखा निघतो. म्हणून माझी कुदळ तुला पाठवतेय.

रुंद पात्याची आहे. डोकं साधारण दीड किलोचं. टोकदार टिकाव नाही, तो मुरमासाठी ठीक. दांडा नेढ्यातून, म्हणजे डोक्याच्या भोकातून, वरून खाली घातलाय आणि वरच्या टोकाला जाड आहे, त्यामुळे कुदळ उगारली की डोकं त्या जाड भागाकडे घट्ट बसत जातं. तरी रोज सुरुवातीला हलवून बघ. सैल वाटली तर उलटी धरून दांड्याचं जाड टोक दगडावर दोन-तीनदा आपट. सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट होतो खरा, पण लाकूड वाळलं की तो आधीपेक्षाही ढिला पडतो, तेव्हा तो उपाय नको. वर्षातून एकदा दांड्याला जवसाचं तेल चोळत जा. सोबत कानस ठेवलीय. पात्याच्या एकाच बाजूनं, आधीचा उतार आहे तोच धरून, पुढच्या दिशेनं घास. चाकूसारखी पातळ धार नको, ती पहिल्या दगडाला दुमडेल. पण बोथट कुदळीनं काम करू नकोस. बोथट पातं मूळ कापत नाही, नुसतं दाबतं, आणि तुझी निम्मी ताकद वाया जाते.

खणायच्या आधी गवत काप. कापण्याच्याही आधी लांब काठीनं आपटत सगळीकडे फिर. साप असला तर त्याला निघून जायला वाट आणि वेळ मिळतो. गांधीलमाशांची पोळी, फुटक्या काचा, तारा, सगळं बघून घे. बंद आणि जाड बूट घाल, चपला अजिबात नकोत, कारण कुदळ आपल्याच दिशेनं येते. मुरूम-दगड उडतो म्हणून डोळ्यांना चष्मा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 10 वर्षं झाली असतील तर आधी ते घे. हे ऐकच. झुडपं कापताना हातभर खुंट राखून ठेव. नंतर भोवतीची माती मोकळी करून, बाजूची मुळं एकेक तोडून तोच खुंट धरून हलवता येतो. जाड मुळाखाली पातं घालून दांड्यानं मात्र उचकटू नकोस, दांडा नेढ्यापाशी मोडतो.

आता मातीचं. ती ओली असताना खणायचं नाही आणि दगडासारखी वाळलेली असतानाही नाही, वाफसा, म्हणजे बेताची ओल, यायची वाट बघायची. वीतभर खोलीवरची मूठभर माती घे, दाबून गोळा कर आणि अंगठ्यानं टोच. गोळा फुटून विस्कटला तर कुदळ घे. अंगठा नुसता रुतला आणि माती चिकटली तर घरी जा. ओली चिकणमाती खणली की तिच्यातली हवेची जागा दबून जाते, ढेकळं वाळून विटेसारखी होतात आणि मोसमभर फुटत नाहीत.

हात उगारण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझी कंबर तिथेच गेली होती. डोक्यावरून घाव घालू नकोस. छातीपर्यंत, फार तर खांद्यापर्यंत उचल आणि सोडून दे. वजन कुदळीचं आहे, ते तिलाच वापरू दे. तू फक्त दिशा द्यायचीस. एक पाय पुढे, गुडघे सैल, पाठ सरळ, वाकायचं ते कमरेच्या सांध्यातून. पातं रुतलं की दांडा किंचित वर उचलून पुढे ढकल, ढेकूळ आपोआप सुटतं, मग आपल्याकडे ओढ. एका वेळी चार बोटं जाडीचाच काप घे. मोठा काप घ्यायचा मोह होतो, तिथेच पाठ लचकते. उचलताना मूठ सैल ठेव, वरचा हात दांड्यावरून सरकू दे. घट्ट आवळून धरलं की तासाभरात फोड येतात. दहा-पंधरा घाव झाले की हात आणि पाय दोन्ही बदल, उजव्याचं डाव्याला. सुरुवातीला सवय नसते, वाकडं पडतं, पण एकाच बाजूनं खणलेलं दुसऱ्या दिवशी उठू देत नाही. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाच्या वर खणू नकोस.

आणि अख्खा प्लॉट एकदम नाही! सव्वा मीटर रुंद आणि तीन मीटर लांब, एवढा एकच वाफा घे. रुंदी तेवढीच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि खणलेल्या मातीवर पाय पडत नाही. बाकीचं गवत बी धरायच्या आत कापत राहा, किंवा जाड पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळा टाक. तुझी जमीन फोटोत थोडी उताराची वाटतेय. वाफे उताराला आडवे घे. तोंड चढाकडे करून खणलं तर कमी वाकावं लागतं, हे खरं. पण प्रत्येक घावाबरोबर माती थोडी थोडी खाली येते, वरचा भाग उघडा पडत जातो. मी वर्षातून एकदा खालच्या कडेची माती टोपलीनं वर नेऊन टाकते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

खोली वीतभर पुरे, 15 ते 20 सेंटिमीटर. खालची फिकट माती वर आणू नकोस. ढेकूळ उलटलं की लगेच पुढे जाऊ नकोस, खाली बस, हातानं फोड आणि मुळं वेचून काढ. माझा बहुतेक वेळ खणण्यात नाही, या बसून वेचण्यातच जातो. हरळीचा तुकडा राहिला तर फुटतो. लव्हाळा असेल तर काळ्या सुपारीसारख्या गाठी एका दोऱ्यात ओवल्यासारख्या खाली असतात. पात धरून ओढलीस तर दोरा तुटतो आणि खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. त्या खणूनच काढाव्या लागतात, आणि एका खेपेत संपत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. काढलेलं सगळं उन्हात कडकडीत वाळव, हिरवं असताना खतात टाकू नकोस.

वाफा तयार झाला की तुला लगेच बी टाकावंसं वाटेल. दोन-तीन आठवडे थांब. खणताना खालच्या बिया वर येतात, उजेड लागला की उगवतात. हलकं पाणी देऊन त्यांना मुद्दाम उगवू दे आणि दोन पानांवर असतानाच कुदळीच्या धारेनं वरच्यावर खरवडून टाक. त्या वेळी खोल घाव घालायचा नाही, नाहीतर नव्या बिया वर येतील. मग पेर. कडेनं वीतभर खोल चर ठेव आणि पंधरवड्यानं त्यात कुदळ फिरव, नाहीतर शेजारची हरळी आत शिरेल.

दरवर्षी असं खणावं लागणार नाही. एकदा मुळं निघाली की जमीन झाकून ठेव, गांडुळं ती मोकळी ठेवतात. माझ्या जुन्या वाफ्यांना मी कितीतरी वर्षांत खोल घाव घातलेला नाही.

दांडा माझ्या उंचीच्या बेतानं घेतलेला आहे, तुला कदाचित आखूड पडेल. कुदळ जमिनीवर उभी केली तर दांडा छातीपर्यंत यायला हवा. कमी वाटला तर वाकून काम ओढू नकोस, नवा दांडा बसवून घे. पातं मात्र बदलू नकोस. ते माझ्या आईच्या हातात होतं तेव्हा आतापेक्षा दोन बोटं लांब होतं.

पुढचा पाऊस होऊन गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूठभर माती दाबून बघ, आणि गोळ्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई